पाणी न मारलेली भिंत

आमच्या प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या आवारात एक भिंत उभी आहे. तिच्या अलीकडे काही नाही आणि पलीकडेही काही नाही. खोली नाही, कुंपण नाही, छप्पर नाही. उंचीला माणसाच्या खांद्याएवढी, लांबीला दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढी. दरवर्षी ऑडिटर येतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "ही कशाची भिंत?" मी म्हणतो, "विटांची." ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघतो आणि आम्ही दोघे चहा प्यायला आत जातो.

आता मी निवृत्त होणार. हिशेब आणि स्टोअर ही दोन्ही कामं माझ्याकडे होती, ती एका तरुणाकडे जातील. मुलगा हुशार आहे, पण ऑडिटरला चहावर भागवायला वय लागतं. निदान त्याला तरी ठाऊक असावं म्हणून ती भिंत जिची, तिच्याबद्दल लिहून ठेवतो.

तिला आमच्याकडे सगळे दोरी म्हणत. हे नाव पहिल्याच दिवशी पडलं. गवंडीकामाच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती आणि अंगाने इतकी काटकुळी की रांगेत तिच्यामागे उभ्या असलेल्या दांडगट मुलाने मोठ्याने म्हटलं, "मास्तर, हिला काहीतरी जड बांधा. वारा आला तर ही दोरी उडून जायची." सगळे हसले. तिने मागे वळून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "दोरी लावल्याशिवाय भिंत बांधली तर ती पोट काढते. तुझ्यासारखी." मग सगळे दुप्पट हसले. तिचं नाव दोरी झालं आणि त्याचं पैलवान. दोन्ही नावं आजतागायत टिकली आहेत.

भिंतीचा प्रत्येक थर सरळ यावा म्हणून गवंडी दोन टोकांना दोरी ताणतात, हे तिला वर्गात येण्याआधीच माहीत होतं. तिचं बालपण बांधकामावरच गेलं होतं. वडील नव्हते. आई घमेली उचलायची. वाळू चाळायची, माल कालवून द्यायचा, विटा वरच्या माळ्यावर पोचवायच्या, बांधलेल्या भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. ही सगळी बायकांची कामं. थापी मात्र पुरुषाच्या हातात. थापी धरणाऱ्याची मजुरी आणि घमेलं उचलणाऱ्याची मजुरी यांत जमीन-अस्मानाचं अंतर, आणि ते अंतर आयुष्यभर घमेली उचलून कापता येत नाही. दोरीच्या आईने अर्धं शहर डोक्यावरून वाहिलं असेल, पण राहायला एका पत्र्याच्या खोलीपलीकडे गेली नव्हती.

आमच्याकडे शिक्षण फुकट होतं. पण शिकण्याचे महिने म्हणजे न कमावण्याचे महिने, आणि गरिबाला फुकट गोष्टच सगळ्यात महाग पडते. आईने नाखुशीनेच पाठवलं होतं.

आता गवंडीमास्तरांबद्दल सांगायला हवं. उमेदीची वर्षं उंच इमारतींवर काढून, गुडघे झिजल्यावर ते शिकवायला आले होते. अंगाने लहान, आवाजाने त्याहून लहान. मुलाने बांधलेला थर ते ओळंबा सोडून उभ्याने सरळ आहे का बघायचे, पाणसळ ठेवून आडव्याने बघायचे, आणि फारच चांगला असला तर म्हणायचे, "चालेल." त्या एका शब्दावर मुलं आठवडा काढत. एकदा पैलवानाने वाकडा थर लावला आणि जमीनच उताराची आहे म्हणाला. मास्तर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं. आता अंगणही तूच सरळ कर." तो दिवसभर फावड्याने जमीन सारखी करत होता.

मास्तरांचा एक नियम होता, त्याला सगळे मोडणी म्हणत. आठवडाभर बांधायचं आणि शनिवारी दुपारी पाडायचं. सरावाच्या भिंतीत सिमेंट नसे. चुना, वाळू आणि थोडी माती, एवढाच माल. थापीच्या मुठीने ठोकलं की वीट सुटी होई. मग ती वीट खरवडून, घासून, रचून ठेवायची. सोमवारी दुसऱ्या तुकडीने त्याच विटा उचलायच्या. आमच्याकडे तुकड्या फार आणि विटा थोड्या, हे त्यामागचं साधं कारण. पण ज्याने बांधली त्यानेच पाडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा मास्तरांचा स्वतःचा हट्ट. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "भिंत जाऊ दे की. हात राहतो ना."

मुलांना पहिल्या शनिवारी रडू यायचं. पुढे सवय व्हायची. दोरीला मात्र वेगळीच अडचण आली.

तिच्या आईला फक्त रविवारी सुटी असे. मधल्या वारी यायचं तर मुकादम दिवसाची मजुरी कापणार. एका रविवारी ती स्वच्छ धुतलेले कपडे घालून लेकीचं काम बघायला आली. मी स्टोअरमध्ये होतो. रविवारी सकाळी मी तिथेच असतो. घरी बायको पेपर वाचू देत नाही. खिडकीतून मागचं आवार दिसतं आणि ऐकूही येतं.

"हे काय?" आईने विचारलं.

"विटा."

"त्या मला ओळखू येतात. भिंत कुठाय?"

"काल पाडली."

"कुणी?"

"मीच."

"आणि त्याआधीची?"

"तीपण मीच पाडली. तसाच नियम आहे आई."

आईने कपाळावर हात मारला. "अगं, तू बांधायला शिकतेस का पाडायला? पाडायलाच शिकायचं होतं तर तुझा मामा काय वाईट होता? त्याने भरला संसार पाडून दाखवला, तोही एकही पैसा फी न घेता!"

मला हसू आवरेना. पण दोरी हसली नाही. आईही मग हसण्यावारी नेईना. ती विटांच्या राशीवर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, मुकादमाचं नवं काम निघतंय. त्याला दोघी हव्यात, मायलेकी. मी म्हटलं पोरगी शिकतेय. तो म्हणाला, काय शिकतेय ते दाखव. आता काय दाखवू त्याला, ही रास? अशी रास मी रोज सकाळी वर चढवते. पुढच्या रविवारी येते. दाखवायला काही असलं तर दाखव. नाहीतर सोमवारपासून माझ्याबरोबर चल. माझी मान आता एकटीने भार घेत नाही, बाळा."

हे शेवटचं वाक्य नसतं तर दोरीने वाद घातला असता.

सोमवारी तिने मास्तरांना गाठलं. "मास्तर, ह्या आठवड्यात माझी भिंत रविवारपर्यंत राहू द्या. आईला दाखवायचीय."

"तुझ्या आईला दाखवायची. मग पैलवानाच्या बापाला दाखवायची. मग माझी बायको काय म्हणून मागे राहील? आणि सोमवारी सकाळी दुसऱ्या तुकडीला विटा कोण देणार, तू?"

"मी रविवारी संध्याकाळी पाडून, घासून ठेवते."

"एकीसाठी नियम वाकवला की तो सगळ्यांसाठी वाकतो. जा, दोरी लाव."

खरं कारण तिने सांगितलं नाही. मास्तरांनी विचारलंही नाही. दोघंही एकाच मातीचे.

त्याच आठवड्यात मास्तर दुसऱ्या केंद्रावर परीक्षक म्हणून गेले. गुरुवार-शुक्रवार वर्ग आपापला चालला. शनिवारी जेवणानंतर मास्तर परतले, कपडे झटकले आणि आवारात येऊन म्हणाले, "चला, मोडणी."

ठकठक सुरू झाली. एकेक भिंत खाली येऊ लागली. मी त्या वेळी थाप्या परत घेऊन मोजायला तिथेच उभा होतो. दोरी आपल्या भिंतीसमोर थापी घेऊन उभी होती आणि मुठीने ठोकल्यासारखं करत होती. वीट हलत नव्हती.

पैलवानाची भिंत पाडून झाली होती. तो म्हणाला, "मास्तर, हिची भिंत रुसली वाटतं. मी मनवू का?"

"ज्याची त्याने."

"अहो, पण ती नुसती कुरवाळतेय!"

मास्तर जवळ गेले. त्यांनी स्वतः ठोकलं. वीट जागची हलली नाही. हातोडी मागवली. कोपऱ्यावर एक घाव घातला तेव्हा विटेचा टवका उडाला, सांधा तसाच. मास्तरांनी नखाने सांधा खरवडला, करड्या रंगाची पूड तळहातावर घेतली, बोटाने चोळली. आवारातली ठकठक एकेक करून थांबली.

"सिमेंट," मास्तर म्हणाले.

"मी घातलं," दोरी म्हणाली.

"कुठून आणलंस?"

"न्हाणीघराच्या दुरुस्तीतलं उरलं होतं. ताडपत्रीखालचं."

ते माझ्या ताब्यातलं होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मास्तरांनी हात वर केला.

"ते राहू दे. पाणी मारलंस?"

तिने थापीचं पातं बोटाने पुसलं.

"सिमेंटच्या भिंतीला पाणी मारलंस का, विचारतोय."

"नाही."

"का नाही?"

"सरावाच्या भिंतीला कुणी पाणी मारत नाही. मारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

मास्तरांचा आवाज वाढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "अगं, चोरी केलीस ती केलीस! पण दोन दिवस सिमेंटची भिंत उन्हात कोरडी ठेवलीस? हे शिकवलं तुला मी? ही भिंत तहानलेली आहे! उद्या तडकली तर लोक कुणाचं नाव घेतील, तुझं का माझं? चोरायचंच होतं तर पाण्यासकट चोरायचं!"

मुलांना हसावं की घाबरावं ते कळेना. पैलवान घाबरला आणि धावत जाऊन बादली घेऊन आला.

गलका ऐकून मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्राचार्या. मनाने चांगल्या, पण त्या वर्षी संस्थेतून नळ, पाने, ड्रिलची टोकं अशा वस्तू पाय फुटल्यासारख्या नाहीशा होत होत्या, आणि त्यांनी स्वतःच्या सहीने सूचना लावली होती: स्टोअरची वस्तू न विचारता नेणाऱ्याचं नाव कमी होईल. सूचना फलकावर अजून कोरी करकरीत होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोरीला विचारलं, "सूचना वाचली होतीस?"

"वाचली होती."

"मग?"

"मग काही नाही, बाई."

"मग सोमवारपासून तुझं नाव कमी. मला वाईट वाटतं, पण आज तुला सोडलं तर उद्या कुणाला धरू?"

मास्तर बादलीतून भिंतीवर पाणी सोडत होते. मागे न बघताच म्हणाले, "नाव कमी करा. पण या भिंतीला आठवडाभर पाणी लागणार. ते ज्याने बांधली त्यानेच मारायचं. नाव नसलेली मुलगी आवारात येणार कशी?"

"शिपाई मारेल."

शिपाई दारातच उभा होता. "बाई, माझं काम पिण्याच्या पाण्यापर्यंत. भिंतीचं पाणी माझ्याकडे नाही."

"मास्तर, तुम्ही मला कायदा शिकवू नका," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कायदा नाही हो. सिमेंट. ते कुणाचं ऐकत नाही."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी थाप्या पुन्हा मोजायला लागलो. "सोमवारी बघू," एवढं बोलून त्या गेल्या.

दोरी बादली घ्यायला पुढे झाली तेव्हा मास्तरांनी खिशातून ओळंबा काढला, भिंतीच्या कडेला सोडला आणि बराच वेळ बघत राहिले. लंबक हलायचा थांबला. "उभी तर सरळ आहे," ते पुटपुटले आणि घरी गेले. ‘चालेल’ म्हणाले नाहीत.

रविवारी मी जरा लवकरच स्टोअर उघडलं. दोरी आधीच आली होती. बादली आणि तांब्या घेऊन पाणी मारत होती. थोड्या वेळाने आई आली. आवाराच्या तोंडाशीच थांबली.

"ही तुझी?"

"हो."

"एकटीने?"

"एकटीने."

आई भिंतीच्या टोकाशी गेली, एक डोळा मिटला आणि कडेकडेने नजर सोडली. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तसंच केलं. सगळ्या सांध्यांवरून तळवा फिरवला. दोरीच्या हातातला तांब्या तसाच तिरका, त्यातलं पाणी तिच्याच पायावर ठिबकत होतं.

शेवटी आई म्हणाली, "पाणी उशिरा मारायला लागलीस."

दोरी तिथेच खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचं रडणं कधी झालं ते मला खिडकीतून कळलं नाही. सगळं सांगून टाकलं तिने. मास्तरांनी नाही म्हटलं ते, ताडपत्री, सिमेंट, मोठ्या बाई, सोमवार.

आईने तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "चोरटी! आयुष्यात मी कामावरचा खिळा घरी आणला नाही!" आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "दे इकडे. असं भसकन नाही मारायचं. वरून सोडायचं, निथळू द्यायचं. भिंत पिते, तिला प्यायला वेळ द्यायचा."

पाणी मारून झाल्यावर आई भिंतीला पाठ टेकून खाली बसली.

"आई, ओली आहे."

"असू दे. जन्मभर भिंतींना पाणी मारलं, पण कामावर एकीला टेकून बसू दिलं नाही कुणी. मुकादम ओरडायचा. ही तुझी आहे ना? मग बसते."

तिचा पाठीवरचा सगळा कपडा भिजला. दोघींनी तिथेच डबा खाल्ला. मी खिडकी लावून घेतली.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी आई दारात उभी. मुकादमाच्या नव्या कामाचा तो पहिला दिवस होता, आणि ती आमच्याकडे आली होती. मोठ्या बाई आल्या. मास्तरही आले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दोरी आईच्या मागे उभी होती, पण आईने तिला बोलूच दिलं नाही.

"बाई, पोरीने चुकीचं केलं. तिला मी हाणलंय. अजून हाणायचं असेल तर तुमच्यासमोर हाणते."

"अहो, नको!" मोठ्या बाई घाईने म्हणाल्या.

"भिंत पाडायची असेल तर मी पाडते. छिन्नीने एकेक वीट काढते. रोज काम सुटल्यावर येईन. विटा फुटल्या तर नव्या आणून देईन. पण तिच्या हातातली थापी काढू नका." मग जरा थांबून म्हणाली, "मी तिला आज घमेलं उचलायला घेऊन जाणार होते. ठरलंच होतं ते. काल भिंत बघितली आणि मुकादमाला निरोप पाठवला. एकटीच येते म्हणून. मान मोडली तरी चालेल."

"आणि तुमच्या मुलीने पुन्हा असं केलं तर?"

"कानाला खडा." आईने लेकीचा कान खरोखरच धरला. "लाव गं."

मोठ्या बाई मास्तरांकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

मास्तर म्हणाले, "हिला मी महिनाभर ओळखतो. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. पण बाई, अशा मुलीला काढायचं तर मग ठेवायचं कुणाला? भिंत पाडू नका. सिमेंटमधून वीट अख्खी निघत नाही, उगाच विटाही जातील. नियमाला माझी काही ना नाही. शिक्षा द्याच. शिकून होईपर्यंत रोज सगळ्यांच्या विटा हिने घासायच्या."

मोठ्या बाईंनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "आणि सिमेंट घेताना पुढच्या वेळी विचारायचं," त्या दोरीला म्हणाल्या. "विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, पण विचारायचं."

दुपारी मास्तर माझ्या टेबलाशी आले. "वेळापत्रक तुम्हीच टाइप करता ना?"

"हो."

"मोडणी शनिवारी नको. सोमवारी लिहा. सकाळी पहिला तास."

"एवढी वर्षं शनिवार होता. कारण काय लिहू?"

"शनिवारी माझा गुडघा दुखतो."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी बघू," असं म्हणून ते गेले. जाताना गुडघा मुद्दाम धरल्यासारखा केला, पण चुकीचा धरला.

दोरीचा पुढचा प्रवास लोणी कापल्यासारखा झाला नाही. प्रमाणपत्र हातात आलं, पण कामावर गेली की ठेकेदार म्हणायचे, "घमेली तिकडे आहेत, बाई." प्रमाणपत्र दाखवलं की हसायचे. शेवटी एका ठेकेदाराला तिने विचारलं, "एक भिंत लावून बघू द्या. मागची, कुणाला न दिसणारी."

"वाकडी झाली तर?"

"पाडून देते. मला सवय आहे."

त्याने गंमत म्हणून संडासाची मागची भिंत दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर आदल्या दिवशीचे वरचे थर गायब, विटा घासून रचलेल्या, आणि ही पुन्हा दोरी ताणतेय. त्याने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काल संध्याकाळी दोरी सैल पडली होती. माझ्या लक्षात आलं नाही. भिंतीने पोट काढलं असतं." ठेकेदार शिव्या घालायला तोंड उघडून तसाच राहिला. त्याचे बाकीचे मिस्त्री वाकडं झालं की वरून जाड प्लास्टर चोपडत आणि प्लास्टर पडलं की सिमेंटला दोष देत. न सांगता स्वतःचं काम स्वतः पाडणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. ही गोष्ट मला पुढे त्या ठेकेदारानेच सांगितली, आमच्याकडे आणखी मुली मागायला आला तेव्हा. म्हणाला, "त्या पाडणाऱ्या बाईसारख्या द्या."

आज ती स्वतः मिस्त्री आहे. हाताखाली माणसं आहेत. त्यांत पैलवान आहे. तो प्लास्टर फार सुरेख करतो आणि दोरी त्याला रोज एकदा तरी त्याच्या पोटावरून बोलते. पत्र्याची खोली जाऊन मायलेकींना विटांचं घर झालं आहे. ते तिने सुटीच्या दिवशी, एकेक भिंत करत, स्वतः बांधलं. कुठल्याही कामावर विटा उरल्या की ठेकेदाराला विचारून ती आमच्याकडे पाठवते. "विचारून," हा शब्द ती दर वेळी माझ्याकडे बघून मुद्दाम मोठ्याने म्हणते. तिच्या भिंतीत अडकलेल्या विटा केव्हाच भरून निघाल्या, पण विटा येतच असतात.

मास्तर गेली काही वर्षं शिकवत नाहीत. निघताना त्यांनी आपला ओळंबा दोरीला दिला. ती म्हणाली, "मास्तर, तेव्हा ‘चालेल’ म्हणाला नाहीत तुम्ही." मास्तर म्हणाले, "पाणी उशिरा मारलं होतंस ना. अजून बघतोय, तडा जातो का."

तडा गेलेला नाही. मी परवाच बघितलं.

मोडणी अजून सोमवारीच होते. त्यामुळे रविवारी मागच्या आवारात गर्दी असते. आया, बाप, धाकटी भावंडं, एखादी आजी. मुलं आपापल्या भिंतीशेजारी उभी असतात, आणि दोरीची आई त्या सगळ्यांमधून फिरत असते. तिने घमेली केव्हाच सोडली, पण रविवार सोडला नाही. मुलं तिला पाणीवाली मावशी म्हणतात. ती प्रत्येक भिंतीशी एक डोळा मिटते आणि विचारते, "पाणी मारलं का रे?"

गेल्या रविवारी एक नवा मुलगा आपली भिंत पाठीमागे झाकून उभा होता. त्याचा बाप फाटकाशीच थांबला होता, हात बांधून, आत यावं की न यावं अशा विचारात.

"सरावाची आहे मावशी," मुलगा हळूच म्हणाला. "कच्च्या मालाची. उद्या पाडायचीच आहे."

"उद्याचं उद्या," मावशी म्हणाली. "आज उभी आहे ना? मग तू बाजूला हो." आणि फाटकाकडे वळून ओरडली, "अहो, तिथून काय दिसणार? जवळ या. हात लावून बघा."